चुडामणभाऊंचा धक्का आणि बेबाबाईची भुरी

फैजपूरचे चुडामणभाऊ एकदा बोलून गेले की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागे घेत नाहीत. अडचण एवढीच, की ते रोजच काहीतरी बोलून जातात! त्या दिवशी ते दोंडाईच्याला व्याह्यांच्या ओट्यावर बसले होते आणि बशीतला चहा फुंकता फुंकता म्हणाले, "धक्का मी बांधतो. दहा दिवसांत बांधतो. आणि काठ असा आवळून देतो, की धरण आटलं तरी काठ हलायचा नाही."

दारात उभी असलेली त्यांची मुलगी मोहिनी बापाकडे पाहत राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. याच आवाजात त्यांनी मागे गावच्या शाळेला लोखंडी फाटक करून दिलं होतं. फाटक उत्तम झालं होतं, फक्त ते जागेपेक्षा दीड फूट रुंद निघालं आणि शेवटी शाळेची भिंत पाडावी लागली.

पण या वेळी बोलणं मोहिनीसाठीच चाललं होतं. तिला सातवा महिना होता आणि तिला डोहाळे लागले होते नावेत बसून जेवायचे. हल्ली हॉलवाले डोहाळजेवणाला थर्माकोलची नाव देतात. मागे निळं कापड, पुढे प्लास्टिकचे मासे, आणि मधे नटूनथटून बसलेली पोटुशी बाई. मोहिनीनं सासरी स्पष्ट सांगून टाकलं होतं की नाव पाण्यात पाहिजे आणि पाणी खरं पाहिजे. तिच्या सासूबाई कुंदाबाई एरवी अशा लाडांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. पण डोहाळे राहून गेले की बाळाची लाळ गळते, यावर त्यांचा पक्का विश्वास. त्यांच्या वेळी त्यांना उसाचा रस मिळाला नव्हता, तर त्यांचा मुलगा नवीन, म्हणजे मोहिनीचा नवरा, पाच वर्षांचा होईपर्यंत गळ्यात लाळेरं बांधून हिंडला होता. आता तोच नवीन धुळ्याला बँकेत साहेब आहे, पण कुंदाबाई ते लाळेरं विसरलेल्या नाहीत.

पाण्याची सोय तर घरचीच होती. मोहिनीचे सासरे तोतारामनाना मिरचीचे व्यापारी. जन्म दोंडाईच्याच्या उन्हात गेल्यामुळे त्यांना पाण्याचं फार अप्रूप. त्यांनी फैजपूरपासून तासाभरावर, सातपुड्याच्या पायथ्याला, एका धरणाच्या काठी प्लॉट घेतला होता, त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या आणि एक छोटी नावही आणून ठेवली होती. पण नावेपर्यंत पोहोचायचं कसं? काठ सगळा काळ्या मातीचा. पाय ठेवला की गुडघाभर आत. शिवाय पाणी दरसाल दोन हात जमीन खात होतं. मागच्या पावसाळ्यात कुंपणाचे चार खांब गिळून झाले होते. पुण्याहून एक इंजिनिअर येऊन बघून गेला होता. तीन महिने लागतील, म्हणाला. बाळ तीन महिने थांबणार नव्हतं.

म्हणून चुडामणभाऊ बोलून गेले. सगळ्याला बठ्ठं म्हणणाऱ्या आपल्या अहिराणीत नानांनी मिशीवरून हात फिरवत विचारलं, "बठ्ठं पक्कं व्हई ना, भाऊ? पानी कोनं सोयरं नही र्‍हास."

"पाणी नसेल सोयरं," चुडामणभाऊ म्हणाले, "पण लोखंड माझं सोयरं आहे, नाना."

चुडामणभाऊंचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरून द्यायचं कामही ते घेत. धक्का त्यांनी आयुष्यात बांधला नव्हता. पण फैजपुरात आजवर कुणीच बांधला नव्हता, त्यामुळे अनुभवात ते कुणाहून कमी नव्हते. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात एक काटा होता. नाना चार माणसांत त्यांची ओळख "आमचे वेल्डिंगवाले व्याही" अशी करून देत. नाना ते प्रेमानंच म्हणत, पण भाऊंना लागे. शिवाय त्या काठाला ओळीनं अकरा प्लॉट होते, अकराही जणांचा काठ ढासळत होता, आणि शुक्रवारी ठरलेल्या डोहाळजेवणाचं अकराही जणांना आवतण होतं!

काम झोकात सुरू झालं. अँगलची चौकट उभी राहिली, वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद. वर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकल्या. चौकटीच्या टोकाला भाऊंनी एक जाडजूड लोखंडी कडी वेल्ड केली, नाव बांधायला. कडी करताना ते इतके रंगून गेले की त्यांनी तिला तीन वेळा टाके मारले. पुष्पाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विचारलं की एवढ्या कडीला नाव बांधायची की आगबोट.

आता राहिले खालचे ड्रम. चौकट पाण्यावर तरंगायला निळे प्लास्टिकचे सोळा ड्रम हवे होते. भाऊ जळगावला गेले तर बाजारात ड्रमच नाहीत. कुठल्याशा योजनेत शेतकऱ्यांना ड्रम वाटायचे होते, ते सगळे उचलून नेलेले. पायपीट करून नऊ मिळाले. सात कमी. दुसरा कुणी असता तर दोंडाईच्याला फोन करून दिवस वाढवून मागता. चुडामणभाऊ परत येताना केळीच्या बागेच्या बांधावर लघवीला उतरले आणि तिथं त्यांना साक्षात्कार झाला.

समोर घड उतरवलेल्या केळीची खोडं पडली होती. जाड, गुबगुबीत, आतून पोकळ कप्प्यांची. फैजपूरकडचं प्रत्येक पोर या खांबाला मिठी मारून पोहायला शिकतं. भाऊ स्वतः असेच शिकले होते. केळीचा खांब बुडालाय, असं उभ्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. भाऊंनी ट्रॉलीभर खांब आणले, नायलॉनच्या दोरीनं त्यांचे सात गठ्ठे आवळले, चौकटीच्या डाव्या बाजूला खाली बसवले आणि वरून हिरवी जाळी गुंडाळून टाकली. लांबून पाहिलं तर वाटावं, काहीतरी परदेशी माल आहे.

काठाचंही तसंच झालं. काठाला जाळीत दगड भरून रचायचे असतात, हे भाऊंनी मोबाइलवर पाहिलं होतं. पण खाणवाला पंधरा दिवस म्हणाला. मग भाऊंनी दोनशे रिकामी पोती आणली, त्यांत मुरूम भरला, तोंडं शिवली आणि काठाला भिंत रचून टाकली. दिसायला फार देखणी झाली. त्याच भिंतीत दोन लोखंडी खांब रोवून त्यांना धक्का बांधला. पोती सरकीच्या ढेपीची होती. कापसाच्या सरकीतून तेल काढलं की मागे राहते ती ढेप, गुराढोरांचं पक्वान्न. शिवणींत अजून ढेपीचे थर चिकटलेले होते.

पुष्पाबाईंनी एक पोतं नाकाजवळ नेलं आणि म्हणाल्या, "याले ढेपीचा वास येऊन राह्यला."

"येऊ दे की," भाऊ म्हणाले. "पाण्याले नाक असतं का?"

या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश झाले की त्यांनी ते दिवसभरात आणखी पाच जणांना ऐकवलं.

शुक्रवार उजाडला. दोंडाईच्याहून दोन गाड्या आल्या, फैजपूरहून तीन. अकरा प्लॉटवाले सहकुटुंब हजर. धक्क्याला झेंडूच्या माळा, चारी कोपऱ्यांना केळीची पानं, मधे रांगोळी. भरीत-पुरी, खापरावरचे मांडे, कढी, सगळं धक्क्यावर नेऊन मांडलं. हिरव्या शालूतली, फुलांचे दागिने घातलेली मोहिनी पाटावर बसली, तेव्हा भाऊंचे डोळे भरून आले. तिच्या लग्नात त्यांना वेळच मिळाला नव्हता रडायला. मांडवाचं वेल्डिंग चाललं होतं. त्यांनी आज ते उरकून घेतलं.

तोतारामनानांनी धक्क्यावर चार वेळा पाय आपटून पाहिला आणि मान डोलावली. मग त्यांनी प्लॉटवाल्यांना सांगितलं, "हे आमचे चुडामणभाऊ. बठ्ठं त्यासनं काम शे." वेल्डिंगवाले हा शब्द आलाच नाही! भाऊंना वाटलं, आता इथंच देह ठेवला तरी चालेल.

बेत असा होता, की आधी धक्क्यावर ओटी भरायची, मग मोहिनीनं नावेत बसून पहिला घास घ्यायचा. तोवर पाण्यातून फोटो काढायचे म्हणून जावईबापू नवीनराव फोटोवाल्याला घेऊन नावेत बसले आणि वल्ही मारत आत गेले. नवीनरावांना कर्जाच्या फायली झटपट हलवता येतात, नाव मात्र येत नव्हती. ती आत जाऊन एकाच जागी गोल गोल फिरू लागली. फोटोवाल्यानं त्या दिवशी सातपुड्याचे चहूबाजूंनी फोटो काढले.

धक्क्यावर मोहिनी, दोन्ही विहिणी आणि नऊ सुवासिनी होत्या. पुरुष मंडळी काठावर. बरोबर चार वाजले आणि बेबाबाईच्या म्हशी पाण्यावर आल्या.

बेबाबाई पलीकडच्या वस्तीवरची. तिच्या अकरा म्हशी रोज चारला याच जागी पाणी प्यायला येत. भाऊ दहा दिवस तिथं राबले होते, पण चार वाजता ते चहाला जात, त्यामुळे त्यांची आणि म्हशींची गाठ पडलेली नव्हती. पुढे होती भुरी, कळपाची म्होरकी. ती काठाशी आली, थबकली, नाक वर करून तिनं वास घेतला. इतके दिवस पोती उन्हात नुसती तापली होती, आज धक्क्यावरच्या वर्दळीनं उसळलेल्या पाण्यात भिजून त्यांना चांगला दरवळ सुटला होता. पाण्याला नाक नसतं, हे भाऊंचं म्हणणं बरोबरच होतं. म्हशीला असतं!

भुरीनं पहिलं पोतं शिवणीवर फाडलं. मागच्या दहा जणींनी आपापलं पोतं निवडलं. भाऊ "हट् हट्" करत धावले, नाना छत्री घेऊन धावले, पण ढेपीला लागलेली म्हैस आणि पंगतीला बसलेला पाहुणा यांना उठवता येत नाही. मुरूम भसाभस पाण्यात गेला. भिंत बसली. भिंतीतले दोन खांब आधी एकमेकांकडे झुकले, मग आडवे झाले, आणि धक्का झेंडूच्या माळांसकट, भरीत-पुरीसकट, बारा बायकांसकट काठापासून सुटला.

सुवासिनींना आधी वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघी-तिघींनी काठाकडे पाहून हातही हलवले. मग डोंगरावरून वारा आला आणि धक्का चांगला वीस-पंचवीस हात आत गेला, तेव्हा कुंदाबाईंनी मुलाच्या नावानं हाक मारली. नवीनरावांनी लांबून ओ दिली आणि ते पुन्हा गोल फिरले.

काठावर नानांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी भाऊंचा दंड धरला. "मनी सून तठे शे," एवढंच ते म्हणाले. भाऊंना काही बोलता आलं नाही. जन्मात पहिल्यांदाच असं झालं. तिथं त्यांची एकुलती एक मुलगी पोटात लेकरू घेऊन बसली होती, आणि तिच्या खाली काय आहे हे एकट्या त्यांना ठाऊक होतं.

एकट्या त्यांना आणि भुरीला. ढेप संपवून भुरी पाण्यात उतरली होती, कारण हिरव्या जाळीतून तिला केळीचा खांब दिसला होता. केळीच्या पट्ट्यातली म्हैस ती; तिला त्यातलं काय कळत नाही? ती पोहत पोहत धक्क्यापाशी गेली, जाळी ओढली आणि एका गठ्ठ्याला तोंड लावलं. तिच्यामागून चौघी गेल्या. एक गठ्ठा सुटला. दुसरा सुटला. धक्का डाव्या अंगाला कलला आणि कढीचं पातेलं घरंगळत जाऊन धरणात पडलं.

"बठ्ठ्या उजवीकडे सरका," असं कुंदाबाईंनी फर्मान काढलं. बाराही जणी ड्रमांच्या बाजूला सरकल्या आणि धक्का कसाबसा सावरला. पुष्पाबाईंनी एका हातानं मुलीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं मांड्यांची दुरडी. जाळीतून सुटलेला एक खांब तरंगत समोरून गेला. त्यांनी तो ओळखला आणि काठाकडे अशी नजर टाकली की भाऊंनी पाण्यात उडी मारली.

उडी मारल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण केळीच्या खांबाशिवाय कधी पोहलेलोच नाही.

नशीब थोर, एक सुटलेला खांब हाताशी आला. भाऊंनी लहानपणासारखी त्याला मिठी मारली आणि पाय मारत निघाले. दहा हात गेले असतील, तर मागे फुस्स झालं. एक म्हैस त्यांच्यामागे येत होती. तिला भाऊंशी काही कर्तव्य नव्हतं, खांब हवा होता. ती एका बाजूनं खाऊ लागली, भाऊ दुसऱ्या बाजूला सरकू लागले. खांब तोकडा होत गेला, तसतशी दोघांची ओळख वाढत गेली.

तेवढ्यात काठावर बेबाबाई आली. तिनं सगळा देखावा एका नजरेत पाहिला. नाना तिच्यावर उखडले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "माह्या म्हशीचं काय चुकलं, नाना? काठाले ढेप लावून ठेवली, पाण्यात केळी बांधून ठेवली. एवढं आवतन तर माह्या माहेरीबी भेटत नाही."

आणि तिनं हातातली बादली काठीनं वाजवली. ही दूध काढायच्या वेळेची बादली. "ये भुरे, ये," अशी लांबलचक हाक गेली. भुरीनं कान टवकारले. तोंडातला खांब सोडला. वळली.

वळताना तिचं दावं, गळ्यातला लांब दोर, पाण्यावर धक्क्याच्या कडेनं सरपटत गेलं. मोहिनी उठली. पुष्पाबाई "बस" म्हणेपर्यंत ती धक्क्याच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली होती आणि तिनं दावं धरलं होतं. समोर बापाची ती तीन टाक्यांची कडी होती. मोहिनीनं दावं कडीतून ओवलं आणि ट्रॉलीवर केळीचे घड आवळताना मारतात ती गाठ मारली. ही गाठ तिला आठव्या वर्षी भाऊंनीच शिकवली होती, आणि मुलीच्या जातीला ही कशाला, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला दुकानातून हाकलून दिलं होतं.

दावं ताणलं. चौकट कण्हली. एक फळी उडाली, दुसरी उडाली, झेंडूच्या माळा तुटल्या. कडी हलली नाही! भुरीनं मान खाली घातली आणि बारा बायका, मांड्यांची दुरडी आणि उरलेलं भरीत घेऊन ती बादलीच्या दिशेनं निघाली. काठावर अकरा प्लॉटवाले टाळ्या वाजवू लागले. मधल्या वाटेत धक्क्यानं भाऊंनाही गाठलं. कुंदाबाईंनी विहीण या नात्यानं व्याह्याच्या अंगाला हात लावायचा की नाही यावर क्षणभर विचार केला आणि मग त्यांची कॉलर धरून त्यांना वर ओढलं.

धक्का काठाला लागला. भाऊ चिखलात उभे होते, छातीशी दीड फुटाचा केळीचा तुकडा अजून धरलेला. मुलीकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. खालमानेनं ते म्हणाले, "चुकलं माझं. ड्रम सात कमी होते. मी सांगायला पाहिजे होतं."

मोहिनी त्यांच्याजवळ आली. तिच्या शालूला चिखल, केसांतली फुलं भुरीनं जाता जाता खाल्लेली. ती म्हणाली, "आबा, नावेचे डोहाळे फिटले. आता मला जमिनीवर बसून जेवायचे लागलेत."

ते डोहाळे लगेच पुरवण्यात आले. सतरंजी प्लॉटच्या पार मागच्या टोकाला, पाण्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब अंथरली. मोहिनीनं हट्टानं बेबाबाईला ओटी भरायला बसवलं आणि पहिला मांडा भुरीला दिला. भुरीनं तो हुंगला आणि परत दिला. तिचं पोट भरलेलं होतं. नवीनराव अंधार पडायच्या आत परतले. वाऱ्यानंच त्यांना आणून सोडलं.

तोतारामनाना मात्र धक्क्यापाशी उभे होते. फळ्या गेलेल्या, खांब खाल्लेले, भिंतीच्या जागी फाटकी पोती. त्यांनी वाकून ती कडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली. मग भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बठ्ठं गयं, भाऊ," ते म्हणाले, "पन कडी राहिनी."

या गोष्टीला आता चार महिने झाले. नातू झाला आहे. गुटगुटीत आहे आणि त्याची लाळ अजिबात गळत नाही, हे कुंदाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हनुवटी पुसून दाखवतात. काठाचं काम पुण्याचा इंजिनिअर करतो आहे, जाळीत दगड भरून, सावकाश. अकरा प्लॉटवाल्यांपैकी एकानंही चुडामणभाऊंना काठासाठी फोन केला नाही.

फोन केला तो बेबाबाईनं. तिला गोठ्यात अकरा कड्या हव्या होत्या, "तशाच, तीन टाक्याच्या." मग तिच्या भावानं सांगितल्या, मग भावाच्या गावानं. आता यावल तालुक्यात जिथं जिथं म्हैस दावं तोडते, तिथं चुडामणभाऊंचं नाव निघतं. दुकानाच्या भिंतीला टेकून त्यांनी त्या दहा दिवसांच्या उत्साहात रंगवून घेतलेली मोठी पाटी अजून आहे: "तरंगते धक्के व काठबांधणी". ती त्यांनी पुसलेली नाही. बोललेला शब्द ते मागे घेत नाहीत. फक्त कडीचा नमुना गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून पाटीपुढे एक म्हैस बांधलेली असते, आणि ती उभी राहिली की पाटी दिसत नाही.